भास्कराचार्य आणि टाकून दिलेलें उत्तर

शिरूर-दौंडकडील आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या तपासतांना एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. वर्गसमीकरणाचीं दोन उत्तरें आलीं कीं मुलें तीं दोन्ही लिहून मोकळीं होतात. त्यांपैकीं ग्राह्य कोणतें हें कोणी पाहत नाहीं. हा विचार सुमारें पावणेनऊशें वर्षांपूर्वीं ज्यांनीं केला त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें झाला. सह्याद्रीजवळील विज्जडवीड हें त्यांचें गांव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचिला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग होत. लीलावती ही त्यांची दुर्दैवी कन्या, ही कथा फैजीच्या १५८७ मधील फारसी भाषांतरावरून पसरली. आचार्यांच्या ग्रंथांत ती नाहीं, म्हणून आम्ही ती सोडून देतों.

बीजगणितांतील माकडांचें उदाहरण मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. कळपाच्या पंचमांशांतून ३ वजा करून बाकीचा वर्ग केला, तितकीं माकडें गुहेंत गेलीं. एक फांदीवर दिसतें. तर कळप केवढा? उत्तरें दोन, ५० आणि ५. समीकरणांत दोन्ही बसतात! परंतु ५ चा पंचमांश १. त्यांतून ३ माकडें वजा कशीं करावीं? वर्ग करतांच ऋणचिन्ह लोपतें आणि खोटें उत्तर खऱ्यासारखें भासतें. आचार्यांनीं ५ टाकून दिले. ऋण संख्या लोकांस पटत नाहीं, हें त्यांचें कारण. आज आपण लिहूं: क्ष/५ − ३ > ०, म्हणून क्ष > १५, अर्थात् क्ष हा (१५, ∞) ह्या अंतरालांत हवा. गोल कंस अशासाठीं कीं खुद्द १५ त्यांत येत नाहीं. ५० आंत, ५ बाहेर. हें > चिन्ह हॅरियट ह्या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथांत, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ मध्यें, प्रथम छापलें गेलें.

लहान उत्तर नेहमींच टाकावें असें मात्र कोणी समजूं नये. दुसऱ्या एका कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनांत खेळतो व १२ माकडें टेकडीवर आहेत. तेथें ४८ आणि १६ हीं दोन्ही उत्तरें आचार्यांनीं ठेविलीं.

६९ व्या वर्षीं, ११८३ मध्यें, त्यांनीं करणकुतूहल लिहिलें. पुत्र लक्ष्मीधर यादवराजा जैत्रपालाच्या पदरीं होता. नातू चांगदेव ह्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला. त्याचा १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं उजेडांत आणला. लेख संस्कृतांत आहे, पण त्याच्या शेवटच्या ओळी मराठींत आहेत.