नदीचा फिर्यादी

पूर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाहून गेलेली घरे आणि बुडालेली गुरे उभी राहतात. जपानमधल्या वातारासे नदीकाठचे शेतकरी मात्र एके काळी पुराची वाट पाहत असत. टोकियोच्या उत्तरेला असलेल्या आशिओच्या डोंगरांतून ही नदी खाली उतरते आणि पुढे तोने या मोठ्या नदीला मिळते. रानातला पालापाचोळा कुजून झालेली काळी माती पुराबरोबर येई, शेतांवर पसरे आणि पाणी ओसरले की निराळे खत घालण्याची गरजच उरत नसे. नदीत आयू नावाचे चवदार मासे मुबलक होते.

१८८५ च्या ऑगस्टमध्ये हे आयू मासे मोठ्या संख्येने मरून पाण्यावर तरंगू लागले. पुढच्या काही वर्षांत पुराची मातीही बदलली. ती जिथे पसरेल तिथे पीक उभे राहीना. १८९० च्या ऑगस्टमधल्या मोठ्या पुराने तर गावेच्या गावे नापीक करून टाकली. जे पाणी इतकी वर्षे वरदान होते तेच शाप झाले.

नदीला मारले कोणी, हा प्रश्न ज्या माणसाने थेट देशाच्या संसदेत नेला आणि पुढे मरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, सोडला नाही, त्याचे नाव तानाका शोझो. (तानाका हे आडनाव, जपानी माणसे आडनाव आधी सांगतात.) मिनामाता येथील पाऱ्याच्या विषबाधेची हकीकत आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. ही गोष्ट तिच्याही सत्तर वर्षे आधीची आहे.

शोझोचा जन्म १८४१ साली आजच्या तोचिगी प्रांतातल्या कोनाका गावी झाला. वडील गावचे प्रमुख, आपल्याकडच्या पाटलासारखे. सतराव्या वर्षीच ते पद मुलाकडे आले. मुलगा हट्टी आणि तापट. गावच्या सरदार घराण्याच्या मनमानीविरुद्ध तो उभा राहिला आणि १८६८ साली सुमारे दहा महिने कोठडीत पडला. कोठडी अशी, की धड उभे राहता येत नाही आणि पाय पसरून झोपताही येत नाही. अन्नातून विष घालतील या भीतीने त्याने काही दिवस मित्रांनी आत पोचवलेल्या सुक्या मासळीच्या तुकड्यांवर काढले. पुढे दूर उत्तरेत त्याला सरकारी कारकुनी मिळाली, तर तिथे वरिष्ठाच्या खुनाचा आळ आला आणि जवळजवळ तीन वर्षे तुरुंगात गेली. तो १८७४ साली निर्दोष सुटला. एवढे सोसलेला माणूस एक तर मोडतो, नाही तर त्याला तुरुंगाची भीती उरत नाही. शोझो दुसऱ्या जातीचे. वर्तमानपत्र, प्रांतिक विधिमंडळ, त्याचे अध्यक्षपद अशा पायऱ्या चढत १८९० साली ते जपानच्या पहिल्या संसदेत निवडून आले.

आता खाणीकडे वळू. आशिओला तांबे निघत होते ते १६१० पासून. पण खाण जवळपास संपल्यात जमा होती. १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई या धाडसी व्यापाऱ्याने ती विकत घेतली आणि काही वर्षांतच तांब्याचे मोठे साठे हाती लागले. बघता बघता देशातल्या तांब्याचा फार मोठा हिस्सा या एका डोंगरातून येऊ लागला. तांबे विकून परकीय चलन मिळे, त्यातून यंत्रे आणि युद्धनौका येत. नव्या जपानला या खाणीचा केवढा अभिमान!

या अभिमानाची किंमत डोंगरावर दिसत होती. खाणीतल्या बोगद्यांना टेकू लावायला आणि भट्ट्यांना जळण म्हणून झाडे तोडली गेली. उरलेल्या झाडांना भट्ट्यांच्या गंधकयुक्त धुराने जाळले. उघड्या डोंगरावर पाऊस थांबेना, पाणी धो धो खाली येऊ लागले. नदीच्या वरच्या अंगाला टाकलेला खाणीचा गाळ आणि भट्टीची मळी हे पाणी उचलून आणी आणि खाली सपाटीवर शेतांत पसरवी. म्हणजे पूर वाढवणारी आणि पुरात विष घालणारी खाण एकच होती.

आज हे सगळे आपण एका परिच्छेदात सांगून मोकळे होतो. तेव्हा ते सिद्ध करावे लागले. शेतकऱ्यांनी नापीक शेतातली माती टोकियोच्या कृषी महाविद्यालयात पाठवली. तिथले रसायनतज्ज्ञ कोझाई योशिनाओ यांनी ती तपासली आणि १८९२ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला: नुकसानीचे कारण तांबे. एका तरुण प्राध्यापकाने सरकारच्या लाडक्या उद्योगाविरुद्ध असे लिहून देणे, याला त्या काळी छाती लागत असणार.

शोझोंनी १८९१ च्या डिसेंबरमध्येच संसदेत प्रश्न टाकला होता. खाणकायद्यातच लोकहिताला बाधा आली तर खाण बंद करण्याची तरतूद असताना सरकार गप्प का? कृषी व व्यापार खात्याचे मंत्री होते मुत्सु मुनेमित्सु. त्यांचा दुसरा मुलगा फुरुकावांच्या घरी दत्तक गेलेला! उत्तर आले ते संसद विसर्जित झाल्यावर. नुकसान दिसते, पण त्याचे कारण अजून निश्चित नाही, तपास चालू आहे, आणि खाणमालक धातूची भुकटी अडवणारी यंत्रे परदेशातून आणत आहेत, असा त्याचा आशय. कारण निश्चित नाही, ही सबब पुढे जगभरच्या कारखानदारांना किती उपयोगी पडली, हे वाचकांना सांगायला नको.

यंत्रे येतील तोवर शेतकऱ्यांना थोडीफार भरपाई देऊन लिहून घेण्यात आले, की १८९६ च्या जूनपर्यंत तक्रार करायची नाही. ती मुदत संपली आणि त्याच वर्षी जुलैपासून सप्टेंबरपर्यंत असे पूर आले, की खाणीची घाण टोकियोच्या वेशीपर्यंत पोचली. मग मात्र राजधानी दचकली. १८९७ मध्ये शेतकरी पायी टोकियोवर चालून गेले. सरकारने चौकशी समिती नेमली आणि खाणीला ३७ कलमी हुकूम दिला: गाळ बसवायला तलाव बांधा, धूर धुवायला मनोरा उभारा. मनोरा उभा राहिला, पण धूर काही धुतला गेला नाही. आशिओलगतचे मात्सुकी गाव १९०२ साली ओस पडले.

याच सुमारास नापीक शेतांचा सारा माफ झाला. ऐकायला बरे वाटते. पण तेव्हा मताचा हक्क भरलेल्या करावर ठरत असे. सारा गेला, त्याबरोबर मतही गेले. ज्यांनी शोझोंना निवडून दिले तेच मतदार यादीतून पुसले गेले.

१३ फेब्रुवारी १९०० रोजी पुन्हा टोकियोकडे निघालेल्या शेतकऱ्यांना कावामाता येथे पोलिसांनी झोडपून काढले आणि ५१ जणांवर खटले भरले. चारच दिवसांनी शोझोंनी संसदेत विचारले, की आपला देश नाश पावतो आहे हे सरकारला कळते तरी का? पंतप्रधान यामागाता यांनी कळवले, की प्रश्नाचा अर्थच लागत नसल्याने उत्तर देता येत नाही. खटल्याच्या सुनावणीत सरकारी वकिलाचे भाषण ऐकताना शोझोंनी मोठी जांभई दिली. त्याबद्दल त्यांच्यावर अवमानाचा खटला होऊन चाळीस दिवसांची कैद झाली! ती भोगताना, १९०२ साली, त्यांनी बायबलचा नवा करार वाचला आणि तो त्यांना शेवटपर्यंत पुरला.

त्याआधी, ऑक्टोबर १९०१ मध्ये, त्यांनी संसदेचा राजीनामा दिला होता. १० डिसेंबर १९०१ रोजी सम्राट मेईजी संसदेचे उद्घाटन करून परतत असताना, साठीचा हा म्हातारा हातात अर्ज घेऊन बग्गीकडे धावला. शिपायांनी त्याला तिथेच अडवले. सम्राटापुढे असे धावणे म्हणजे जिवावरचा खेळ. पण खटला भरावा तर सगळा देश ऐकणार, म्हणून वेडा ठरवून त्याला सोडून देण्यात आले. अर्ज सम्राटापर्यंत गेला नाही, वर्तमानपत्रांतून मात्र घरोघर गेला. विद्यार्थी शेकड्यांनी नदीकाठची गावे पाहायला गेले. टोकियोतल्या एका सभेत कावाकामी हाजिमे या विद्यार्थ्याने अंगावरचा कोट काढून दिला. पुढे हाच जपानचा नामवंत अर्थशास्त्रज्ञ झाला.

सरकारने यावर नामी तोड काढली. दुसऱ्या समितीने १९०३ मध्ये सांगितले, की शेतातले तांबे बहुतांशी १८९७ च्या हुकमापूर्वीचे आहे. तेव्हा आता प्रश्न विषाचा नसून पुराचा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे खालच्या अंगाला पाणी साठवायला मोठे तळे. त्यासाठी यानाका गाव बुडवायचे ठरले. सुमारे साडेचारशे घरांचे, अडीच-पावणेतीन हजार वस्तीचे गाव. कारणाचे नाव बदलले की शिक्षाही दुसऱ्यालाच होते, ती अशी.

शोझो १९०४ मध्ये यानाकात राहायला गेले. फुटलेला बांध प्रांताने दुरुस्तच केला नाही. लोक भरपाई घेऊन पांगू लागले. १९०६ साली गाव कागदावरून पुसले गेले, आणि १९०७ च्या जूनअखेर उरलेल्या सोळा कुटुंबांची घरे पोलीस बंदोबस्तात पाडली. तेव्हाचे गृहमंत्री हारा ताकाशी त्याआधी फुरुकावांच्या कंपनीचे उपाध्यक्ष होते. घरे पडली तरी ही कुटुंबे हलली नाहीत. गवताच्या झोपड्या बांधून राहिली. शोझो त्यांच्यातच.

त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथून पुढचा आहे. १९१० च्या महापुरानंतर, सत्तरीला टेकलेला हा माणूस वातारासे आणि तोनेच्या काठांनी पायी हिंडू लागला. गावोगाव विचारायचे: पाणी कुठवर चढले? पूर्वी कुठवर चढे? किती दिवस राहिले? उत्तरे वहीत टिपायची. यातून त्यांनी मांडले, की पूर वाढण्याचे एक कारण सेकियादोला आहे. तिथे तोनेतून एदो नदी फुटून टोकियोकडे जाते. तिचे तोंड दगडी बांधकामाने आवळल्याने पाणी मागे तुंबते आणि वातारासेत उलटे चढते. राजधानी वाचवायला हे तोंड आवळले, असा त्यांचा आरोप होता. पुढे याबद्दल अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातले. पण नदी एका गावात बिघडत नाही, तिचा विचार उगमापासून मुखापर्यंतच करावा लागतो, हे त्यांना पायांनी चालून कळले होते.

अशाच एका फेरीत ते एका शेतकऱ्याच्या घरी आजारी पडले आणि ४ सप्टेंबर १९१३ रोजी वारले. त्या वेळी त्यांच्याजवळ एक गवती टोपी आणि एक पिशवी होती. पिशवीत नवा करार, देशाची राज्यघटना, रोजनिशीच्या वह्या, लिखाणाचे काही कागद, आणि नदीतले तीन खडे. वडिलार्जित मालमत्ता लढ्यातच गेली होती. अंत्यविधीला हजारोंनी माणसे आली आणि अस्थींवर हक्क सांगणारी गावे इतकी निघाली, की त्या वाटून द्याव्या लागल्या.

खाण चालूच राहिली. १९५८ मध्ये तिच्या गाळाचा बंधारा फुटून पुन्हा शेते बुडाली. आशिओची खाण बंद झाली ती १९७३ मध्ये, आणि पुढच्या वर्षी कंपनीने जबाबदारी मान्य करून शेतकऱ्यांना १५५ कोटी येन भरपाई दिली. यानाकाच्या जागी आज विस्तीर्ण पाणथळ आहे. २०१२ साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. आशिओच्या उघड्या डोंगरांवर स्वयंसेवक वर्षानुवर्षे झाडे लावत आहेत. २०११ च्या मार्चमधल्या भूकंपात खाणीच्या जुन्या गाळाचा एक ढीग ढासळला, आणि खाली वातारासेच्या पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त शिसे सापडले.