श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड : कारागिरास विद्या देणारा राजा

थोर पुरुषांची चरित्रे आम्ही वाचतो ती केवळ त्यांचा जयजयकार करण्यासाठी नव्हे. त्यांच्या आयुष्यातून आपल्या घरात, आपल्या धंद्यात कोणती गोष्ट उचलता येईल, हे पाहणे हाच चरित्रवाचनाचा खरा हेतू होय. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड (तिसरे) यांच्या शिक्षणविषयक व समाजसुधारणेच्या कार्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या सर्वांचा आढावा येथे घेण्याचा आमचा विचार नाही. लहान धंदा करू इच्छिणाऱ्या माणसास विद्या आणि सल्ला देणारी संस्था राज्याच्या तिजोरीतून उभारावी व चालवावी, हा जो विचार महाराजांनी प्रत्यक्षात आणला, तेवढ्यापुरतेच त्यांचे चरित्र आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी झाला. वडील काशीराव हे शेतीवर उदरनिर्वाह करणारे गृहस्थ. मुलाचे नाव गोपाळराव. बारा वर्षांचे होईपर्यंत या मुलास अक्षरओळखही झालेली नव्हती. बडोद्याची गादी रिकामी झाली, तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेब यांनी २७ मे १८७५ रोजी त्यांस दत्तक घेतले, आणि कवळाण्याचा गोपाळ बडोद्याचा सयाजीराव झाला. दिवाण सर टी. माधवराव यांची देखरेख व इलियट साहेबांची शिकवणी यांखाली सहा वर्षे कसून अभ्यास झाल्यावर २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभाराची सर्व सूत्रे त्यांच्या हाती आली. ज्याने स्वतः बाराव्या वर्षी पाटी हाती धरली, त्यास हे कोणी सांगावे लागले नाही की शिकण्याचे वय टळत नसते आणि शेतकऱ्याच्या मुलाची बुद्धी कमी नसते.

त्या काळी देशी कारागिरांची स्थिती शोचनीय झाली होती. विलायती कापडाने विणकर हतबल झाला, आणि परदेशातून आलेल्या कृत्रिम रंगांमुळे वनस्पतींपासून रंग काढणारा रंगारी मागे पडला. त्याच्या हातातील कसब खोटे नव्हते. बदललेल्या मालाची व नव्या रसायनांची माहिती त्यास देणारे कोणी नव्हते, एवढेच. प्रारंभी महाराजांनी सरकारी पैशाने कारखाने काढून पाहिले. बडोद्यास कापडाची गिरणी काढली, ती मार्गी लागल्यावर खाजगी व्यापाऱ्यांकडे गेली. गणदेवी येथील साखरेच्या कारखान्यास मात्र यश आले नाही. उसाच्या मुलखात राहणाऱ्या आम्हांस या अपयशाचे मर्म समजावून सांगावयास नको. कारखाना म्हणजे केवळ इमारत व यंत्रे नव्हेत. ती चालविणारी जाणती माणसे प्रथम तयार व्हावी लागतात.

अशी माणसे तयार करण्याचे काम १८९० साली बडोद्यास स्थापन झालेल्या कलाभवनाने हाती घेतले. सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी ही कल्पना मांडली आणि महाराजांनी तिला राज्याचा आश्रय दिला. चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम, रंगकाम व छपाई अशा विषयांचे शिक्षण तेथे मिळू लागले. हे शिक्षण शक्य तेथवर देशी भाषेतून देण्याचा आग्रह होता, आणि ही गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. रंगाऱ्याच्या मुलाने आधी इंग्रजी शिकावे व मग रंग शिकावा, असे म्हटले असते तर तो कलाभवनाची पायरीही चढला नसता. येथेच चित्रकला व छायाचित्रण यांचे शिक्षण घेतलेले त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके पुढे १९१३ साली पहिला भारतीय चित्रपट घेऊन लोकांपुढे आले, हे सर्वश्रुत आहे.

कलाभवनाने सर्व काही साधले, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. गज्जर १८९६ च्या सुमारास बडोदे सोडून मुंबईस गेले. तेथून शिकून निघालेल्यांपैकी पुष्कळांनी स्वतःचा धंदा न काढता गिरण्यांत व कचेऱ्यांत नोकरी पत्करली. विद्या मिळाली तरी भांडवल, बाजारपेठ आणि घरच्यांचे धैर्य या तीन गोष्टींवाचून धंदा उभा राहत नाही, हा धडा त्यातून मिळाला. तरीही लावलेले बी वाया गेले नाही. गज्जरांचे शिष्य कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या उद्योगातून १९०७ साली अलेंबिक हा रसायनांचा व औषधांचा कारखाना बडोद्यास सुरू झाला. भांडवलाची अडचण ओळखून महाराजांच्या प्रोत्साहनाने २० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. येथे क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. शिकविणारी संस्था आधी निघाली, पेढी अठरा वर्षांनी. १९०२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन करताना आणि १९०६ साली कलकत्त्याच्या औद्योगिक परिषदेपुढे बोलताना देशातील उद्योगधंद्यांच्या प्रश्नाचा महाराजांनी विस्ताराने ऊहापोह केला.

उतारवयात महाराजांची दृष्टी शहरातील कारागिरांकडून खेड्यांकडे अधिक वळली. दिवाण सर व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या कारकिर्दीत १९३२ साली कोसंबा येथे ग्रामसुधारणेचे केंद्र सुरू झाले. शेतीला जोड म्हणून कुक्कुटपालन, मधमाशापालन, विणकाम यांसारखे धंदे खेडुतांस तेथे दाखवून व शिकवून दिले जात. राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त १९३६ साली महाराजांनी ग्रामीण जनतेच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी जाहीर केला. उत्सवाचा पैसा रोषणाईत जाळण्यापेक्षा खेड्यांच्या कामी लावावा, ही बुद्धी सर्वच राजांस सुचत नसते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबई येथे महाराजांचे देहावसान झाले. पुढे दहा वर्षांनी, १९४९ साली, बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, पण संस्था राहिली : त्याच साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलाभवन समाविष्ट झाले आणि आज तेथे तंत्र व अभियांत्रिकी विद्याशाखा आहे. त्यांचे दिवाण कृष्णम्माचारी स्वतंत्र भारताच्या नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. १९५४ पासून केंद्र सरकारने लघुउद्योगांना तांत्रिक सल्ला देणाऱ्या सेवासंस्था काढल्या, १९७८ साली जिल्हा उद्योग केंद्रांची योजना आली, आणि १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र स्थापन झाले. हे सर्व महाराजांच्याच प्रेरणेने घडले, असा दावा आम्ही करणार नाही. परंतु ज्या वाटेने पुढे सारा देश गेला, त्या वाटेवर बडोद्याने फार आधी पाऊल टाकले होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

आता थोडे आपल्या घरचे. नीरेच्या पाण्यावर वाढलेल्या आमच्या सांगवी परिसरात जमिनीचे वाटे पिढीगणिक लहान होत आहेत. एका कुटुंबातील तीन भावांपैकी एकाने तरी धंद्यात उतरावे, ही आता हौस राहिलेली नाही, गरज झाली आहे. कर्जाच्या योजनांची नावे आमच्या तरुणांस तोंडपाठ असतात; पण त्याच योजनांत सांगितलेले प्रशिक्षण म्हणजे कर्जाच्या कागदपत्रांस जोडावयाचा आणखी एक दाखला, अशी समजूत घरोघर आढळते. हिशेब, मालाची पारख, गिऱ्हाईक आणि उधारी यांचे ज्ञान नसताना घेतलेले कर्ज धंदा बुडवितेच, शिवाय वडिलांच्या नावची जमीनही धोक्यात आणते. जिल्हा उद्योग केंद्र पुण्यास आहे, कृषी विज्ञान केंद्र तर बारामतीस आपल्या दाराशी आहे. या संस्था जनतेच्या करातून चालतात. तेव्हा त्यांच्याकडे जाणे हे उपकार मागणे नव्हे, आणि तेथील शिकवण उणी वाटल्यास ती सुधारण्याची मागणी करणे हेही आपले कर्तव्यच आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस आमची विनंती एवढीच की, घरातील मुलगा वा मुलगी धंद्याची गोष्ट काढील तेव्हा कर्ज किती मिळेल हा प्रश्न दुसरा ठेवावा. हे काम कोठे शिकावयास मिळेल, हा प्रश्न पहिला विचारावा. कवळाण्याच्या मुलाने बडोद्याच्या गादीवरून घालून दिलेला क्रम तोच आहे, आणि तो पाळण्यास कोणत्याही राज्याची गादी लागत नाही.