मुलांचे मन जाणणारा दिग्दर्शक : आचार्य अत्रे

आचार्य अत्रे म्हटले की गाजलेला वक्ता, विनोदाचा बादशहा आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील 'मराठा'कार आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु मला वाटते, या साऱ्या अत्र्यांच्या मुळाशी एक शाळामास्तर होता आणि त्या मास्तरानेच 'श्यामची आई' हा चित्रपट घडविला.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी सासवडजवळच्या कोडीत गावी झाला. पदवीनंतर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला. पुण्यात कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले. लंडनला जाऊन त्यांनी अध्यापनाची पदविका मिळविली. 'नवयुग वाचनमाला' काढून मुलांच्या हाती त्यांना आवडेल असे क्रमिक पुस्तक दिले. मुलांना कंटाळा कशाचा येतो आणि त्यांचे डोळे कशाने चमकतात, हे त्यांनी वर्गातच ओळखले.

पुढे ते पटकथेकडे वळले. १९३८ साली मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला 'ब्रह्मचारी' त्यांच्याच लेखणीतून उतरला. मात्र त्यांच्यातील शिक्षक आणि चित्रपटकार एकत्र आले ते १९५३ साली. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावर त्यांनी चित्रपट काढला. आईची भूमिका वनमाला यांनी केली, तर श्यामची माधव वझे यांनी. संगीत वसंत देसाई यांचे होते. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक १९५४ साली प्रथमच देण्यात आले आणि तो पहिला मान या मराठी चित्रपटाला लाभला.

या चित्रपटात नुसता उपदेश नाही. पोहायला भिऊन लपणाऱ्या श्यामला आई मारून बाहेर काढते आणि पुढे त्याच्या अंगावरचे वळ पाहून तीच गहिवरते. मुलाची भीती आणि आईची माया, दोन्ही खऱ्या वाटतात.

आमच्या चारठाण्याला ना समुद्र ना नारळीपोफळी. तरीही कोकणातील ती आई मला परकी वाटत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आई कापूस वेचायला जाते आणि कागदावर अंगठा उठविते. दोन बुके शिकली की लेकरांना अशा आईची लाज वाटू लागते, हे आपण आजूबाजूला पाहतोच. अत्र्यांनी मात्र चुलीपाशी बसलेल्या गरीब आईला गुरूचे आसन दिले. स्वतः हाडाचा शिक्षक असलेल्या माणसाने असे करावे, यातच त्यांचे मोठेपण आहे.

लगेच १९५४ साली त्यांनी 'महात्मा फुले' हा चित्रपट काढला. त्यालाही राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. पहिल्या चित्रपटाने आईची थोरवी सांगितली, तर दुसऱ्याने मुलींसाठी शाळेचे दार उघडणाऱ्या महात्म्याची. मला तर दोघांचेही ऋण आहे.

१३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. त्यांची भाषणे गाजली, वाद गाजले. पण घरात अक्षर नसलेल्या आम्हा मुलामुलींना ते अधिक जवळचे वाटतात ते शिक्षक म्हणून. शिकून मोठे व्हा, पण शिकविणाऱ्या आईला लहान समजू नका, हाच त्यांच्या चित्रपटाचा धडा आहे.