लक्ष्मणराव किर्लोस्कर: सायकलच्या चाकापासून लोखंडी नांगरापर्यंत, आणि आपल्या जुन्या ट्रॅक्टरचे जाम नट

गेवराई तालुक्यातील उमापूर येथे एका शेतकऱ्याच्या गोठ्याशेजारी जुना ट्रॅक्टर उभा होता. इंजिन चालू स्थितीत होते. कपाशीत आंतरमशागत करण्यासाठी मागच्या चाकांतील अंतर बदलायचे होते, पण चाकाचे नट गंजून जाम झाले होते. फिक्स पान्याला पाइप लावून जोर केल्याने तीन नटांचे कोपरे गोल झाले. आता गॅसने कापायचे, नाहीतर ट्रॅक्टर भंगारात द्यायचा, असे घरात ठरत आले होते. त्या दिवशी मला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. त्यांचे आयुष्य लोखंड, चाक आणि शेतकरी यांच्याभोवतीच फिरले.

चित्रकला सुटली, यंत्र हाती आले

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी तेव्हाच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील वेदांताचे अभ्यासक. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे. त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे काही रंग आपल्याला नीट ओळखता येत नाहीत असे लक्षात आले आणि चित्रकार होण्याचा मार्ग बंद झाला. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे त्यांना कागदावरचे चित्र आणि कारखान्यातले यंत्र यांचा मेळ घालता येऊ लागला.

त्याच काळात त्यांनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि मोठे बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत, लोकांना चालवायलाही शिकवत. सायकल तेव्हा नवलाईची आणि महाग वस्तू होती. ती बिघडली तर खोलणार कोण, हा प्रश्न होताच, म्हणून विक्रीबरोबर दुरुस्तीही आली. नोकरीत हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

सायकलचे चाक खोलणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. आटे एकदा खराब झाले की जोर कामाचा नाही, आणि आटे चांगले असतील तर फार जोर लागतच नाही. ट्रॅक्टरचे चाक कितीतरी जड असले तरी त्यालाही हाच नियम लागू आहे.

न विकला जाणारा नांगर

बेळगावात त्यांनी आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगराकडे लक्ष वळवले. लाकडी नांगर जमीन उकरतो, तर लोखंडी नांगर खोल जाऊन माती पलटतो. तण गाडायला आणि हरळी-कुंद्याच्या मुळ्या उघड्या पाडायला त्याचा उपयोग मोठा. तरीही तो विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असा अनेक शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला जवळजवळ दोन वर्षे गेली.

आज या समजुतीला हसणे सोपे आहे. पण त्या शेतकऱ्याची सगळी उपजीविका त्याच जमिनीवर होती, तेव्हा नव्या वस्तूबद्दल त्याला शंका येणारच. विस्तार कार्यकर्त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून काम सोडले नाही. ते नांगर सुधारत राहिले आणि शेतकऱ्याला पटेपर्यंत थांबले.

लोखंडी नांगराने गावात आणखी एक बदल आणला. लाकडी नांगर गावचा सुतार घडवत असे. लोखंडी नांगराचे भाग नटबोल्टने जोडलेले. फाळ झिजला की तेवढाच बदलायचा, बाकी नांगर तसाच ठेवायचा. म्हणजे पाना शेतकऱ्याच्या हाती आला. पण बोल्ट गंजून बसला तर झिजलेला फाळ निघत नाही आणि चांगला नांगरही अडकून पडतो. उमापूरच्या ट्रॅक्टरचे दुखणे हेच होते.

माळरानावरचा कारखाना

पुढे बेळगाव नगरपालिकेच्या आदेशामुळे कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 10,000 रुपये कर्ज आणि कुंडल रोड स्टेशनजवळ जमीन दिली. ती निवडुंगाने भरलेली ओसाड जागा होती आणि सापही भरपूर. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. रामूअण्णा, शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे यांच्यासारखे सहकारी सोबत होते. शिक्षेचा डाग लागलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी विश्वासाने काम दिले आणि वसाहतीत अस्पृश्यता पाळू दिली नाही.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी मालाची आवक घटली आणि लोखंड व कोळसा मिळणे अवघड झाले. मिळेल त्या सामग्रीवर काम चालवणे भाग पडले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची साधने वाडीत तयार होऊ लागली. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. 1969 मध्ये जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

जाम झालेले चाक कसे सोडवावे?

उमापूरला आम्ही गॅसचा विचार बाजूला ठेवला आणि तीन दिवस वेळ दिला. त्याचा क्रम असा:

1. ट्रॅक्टर सपाट, घट्ट जमिनीवर उभा करा. हँडब्रेक लावा आणि बाकीच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. नंतर जॅक लावून अॅक्सलखाली मजबूत टेकू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर काम करू नका.

2. तारेच्या ब्रशने उघडे आटे स्वच्छ करा. गंज सोडवणारे पातळ तेल नटाच्या मुळाशी सोडा. सकाळ-संध्याकाळ असे दोन-तीन दिवस करा. मधूनमधून हातोडीने नटाच्या बाजूंवर हलके ठोके द्या, म्हणजे तेल आत उतरते. बोल्टच्या टोकावर घाव घालू नका, आटे चेपतात.

3. जोर लावण्याआधी आटे उलटे आहेत का ते पाहा. काही जुन्या वाहनांत डाव्या बाजूच्या चाकाला उलटे आटे असतात.

4. फिक्स पान्याऐवजी सहा कोनी सॉकेट किंवा घट्ट बसणारा रिंग पाना वापरा. नट आधी किंचित आवळा, मग सोडवा. थोडा हलला की पुन्हा तेल द्या आणि पुढे-मागे करत काढा. झटके देऊ नका.

5. टायर बसवलेल्या रिमला किंवा तिच्या नटांना गॅसची ज्योत लावू नका, वेल्डिंगही करू नका. उष्णतेने टायर स्फोटासारखा फुटून जीव जाऊ शकतो. हवा सोडली तरी धोका पूर्ण टळत नाही. तेल मारलेल्या जागी आगीचाही धोका असतो.

6. कोपरे गोल झालेला नट निघतच नसेल तर नट कटरने किंवा छिन्नीने तो फोडा आणि स्टड वाचवा. स्टड खराब झाला असेल तर तोही बदला.

7. मागच्या टायरमध्ये पाणी भरलेले असेल तर चाक फार जड असते. एकट्याने उतरवू नका.

आमचे पाच नट तेलाने सुटले. गोल झालेल्या तिघांपैकी दोन फोडावे लागले, आणि तिसऱ्याबरोबर स्टडही गेला. खर्च झाला तो दोन-चार नट आणि एका स्टडचा.

परत बसवताना

हब आणि रिम जिथे टेकतात तिथला गंज खरवडून काढा. नवे नट त्याच मापाचे, त्याच आट्याचे आणि त्याच दर्जाचे घ्या. काही जुन्या ट्रॅक्टरना इंची आटे असतात. त्यावर मिलिमीटरचा नट जबरदस्तीने चढवला तर स्टड वाया जातो. नटाची निमुळती बाजू रिमकडे ठेवा. पुस्तिकेत सांगितले नसेल तर स्टडच्या आट्यांना ग्रीस लावू नका, नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. काही तास काम झाल्यावर पुन्हा तपासा आणि पुढेही दर हंगामाआधी एकदा पाहा.

विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. ट्रॅक्टर भंगारात देण्याचा निर्णय कानावर आला तर आधी बिघाड नेमका कुठे आहे ते जाऊन पाहा. उमापूरच्या त्या ट्रॅक्टरने त्या हंगामात कपाशीत आंतरमशागत केली.