इरावती कर्वे : कवट्या मोजणारी विद्यार्थिनी माणसं ऐकायला कशी शिकली?

पीएच.डी. म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जाडजूड प्रबंध येतो. पण त्या प्रबंधाच्या काळात आणि त्यानंतर माणूस संशोधक म्हणून कसा घडतो, हे पाहायचं असेल तर इरावतीबाईंचं आयुष्य पाहावं.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, ब्रह्मदेशातला. तिथल्या इरावती नदीवरून नाव पडलं. वडील गणेश हरी करमरकर तिकडे नोकरीला होते. शिक्षणासाठी लहानपणीच पुण्याला, हुजूरपागेत. तिथे रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या मुलीसारख्या वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या, मग मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्र. १९२८ मध्ये एम.ए. झाल्या, तोही चित्पावनांवर, म्हणजे आपल्याच जातीवर प्रबंध लिहून.

पुढे जर्मनीला जायचं ठरलं. पती दिनकर कर्वे पाठीशी होते, पण सासरे महर्षी कर्वे यांना ते पसंत नव्हतं. बायकांच्या शिक्षणासाठी हयात घालवलेला माणूस, आणि घरच्या सुनेला नको म्हणतो! नवल वाटतं खरं. शेवटी जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन त्या बर्लिनला गेल्या.

तिथे मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. यांचेच वंशविषयक विचार पुढे नाझींच्या कामी आले. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीची ठेवणच वेगळी, त्यामुळे त्यांची बुद्धी वरचढ, असं त्यांचं अनुमान. इरावतीबाईंना काम दिलं ते कवट्या मोजायचं : उजवी आणि डावी बाजू सारखी आहे का, फरक किती. शंभरावर कवट्या त्यांनी मोजल्या. आकड्यांतून निघालं ते उलटंच. कवटीच्या दोन बाजूंतला फरक आणि वंश यांचा काही संबंध दिसेना. परका देश, डोक्यावर कर्ज, आणि पदवी सरांच्या हातात. तरी त्यांनी प्रबंधात जे दिसलं तेच लिहिलं. पदवी मिळाली. माझ्या मते त्यांच्या संशोधनाची खरी परीक्षा इथेच झाली.

परत आल्यावर काही वर्षं मुंबईत महिला विद्यापीठात काम केलं आणि १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मोजपट्टी त्यांनी टाकली नाही, पुढेही माणसांची मोजमापं घेतली. पण जोडीला गावोगाव फिरून लोकांना विचारायला लागल्या : बहिणीच्या नवऱ्याला काय म्हणता? मुलगी कुठे देता? मामाची मुलगी चालते का? नात्याच्या शब्दात समाजाची रीत लपलेली असते. आपल्याकडे जुन्या बायका सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई म्हणत. का, ते मामाच्या किंवा आतेच्या घरात मुलगी देण्याच्या चालीवरून कळतं. उत्तरेत अशी लग्नं सहसा होत नाहीत. भारतभरच्या या नात्यांवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला.

आम्ही शिक्षक शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत फिरतो, तेव्हा हे फार पटतं. कारणाच्या रकान्यात दोन शब्द मावतात. मुलगी शाळेत का येत नाही, ते तिची आई भांडी घासता घासता दहा मिनिटं सांगते. ते लिहायचं कुठे? यालाच आज गुणात्मक संशोधन म्हणतात.

इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या. तिथे लांबून वही घेऊन बघत बसल्या नाहीत, बायकांबरोबर चालल्या, जेवल्या. एकच अभंग गाणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे पाहून त्यांना वाईट वाटलं आणि ते वाईट वाटणंही त्यांनी लेखात लिहिलं. स्वतःला वगळून लिहायचं, हा बर्लिनचा धडा त्यांनी इथे बाजूला ठेवला. महाभारतातल्या माणसांवरचं ‘युगान्त’ तर सर्वांना ठाऊक आहेच, त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शेवटच्या कामांपैकी एक होतं कोयना धरणाचं. मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी धरणामुळे उठवलेल्या लोकांची पाहणी केली. घर गेलं, जमीन गेली, नवीन ठिकाणी काय मिळालं, हे त्या माणसांनाच विचारलं. तो अहवाल १९६९ मध्ये निघाला. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० ला, इरावतीबाई गेल्या.