विश्लेषण : ग्रुप टूर की स्वतंत्र परदेश प्रवास? दोन्हींची तिकिटे विकणारे थॉमस कुक कोण होते?

परदेशवारी ठरली की घरात पहिला वाद सुरू होतो तो ठिकाणावरून नाही, तर कंपनीबरोबर जायचे की आपले आपण, यावरून. एकाला सहाला उठा, सातला नाश्ता आणि आठला बसमध्ये बसा ही ‘६-७-८’ची शिस्त नको असते. दुसऱ्याला अनोळखी स्टेशनवर सामान घेऊन गुगल मॅप उलटसुलट फिरवत बसणे नको असते. हा वाद इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या वर्तमानपत्रांत तो चांगलाच पेटला होता आणि त्याच्या मध्यभागी एक माणूस होता. ग्रुप टूरचा जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. एकट्याने हिंडणाऱ्या सामान्य प्रवाशाची सोयही त्यांनीच केली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

प्रवासाचा धंदा करणारा हा माणूस मूळचा कोण?

थॉमस कुक यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ रोजी इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील मेलबर्न या लहानशा गावी झाला. वडील ते लहान असतानाच गेले. दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि ते एका माळ्याच्या हाताखाली रोजंदारीवर लागले. मजुरी दिवसाला एक पेनी. पुढे एका नातेवाइकाकडे सुतारकाम शिकले. घरचे वातावरण बाप्टिस्ट पंथाचे होते, त्यामुळे विशीत ते खेडोपाडी धर्मप्रचार करत हिंडू लागले. एका वर्षात त्यांनी दोन हजारांहून अधिक मैल पायी तुडवले होते. पुढे इतरांच्या चालण्याची, बसण्याची, जेवणाची व्यवस्था करणाऱ्या या माणसाची सुरुवात अशी तंगडतोडीने झाली.

१८३३ मध्ये मेरीअन मेसन यांच्याशी त्यांचे लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगा जॉन जन्मला. याच काळात कुक मद्यपानविरोधी चळवळीत ओढले गेले. कारखान्यांच्या गावांत मजुराची आठवडय़ाची कमाई शनिवारी रात्री गुत्त्यात जाते, हे ते रोज पाहत होते. मोकळय़ा वेळेत करायला दुसरे काही नाही, म्हणून माणूस पितो, असे त्यांचे साधे निदान होते.

एका शिलिंगात नेमके काय मिळाले?

जून १८४१ मध्ये चळवळीच्या एका सभेसाठी कुक मार्केट हारबरोहून लेस्टरला पायी निघाले होते. अंतर सुमारे १५ मैल. वाटेत त्यांच्या डोक्यात आले की नवी रेल्वे या कामाला का जुंपू नये? त्यांनी रेल्वे कंपनीशी बोलणी केली आणि ५ जुलै १८४१ रोजी सुमारे ५०० माणसे एका खास गाडीने लेस्टरहून लफबरोला गेली. अंतर जेमतेम डझनभर मैल. माणशी एक शिलिंगात जाणे-येणे आणि खाणे, सोबत बँड, मैदानात चहा आणि खेळ. बरेच लोक उघडय़ा डब्यांत बसले होते. यात नफा कमावण्याचा विचार नव्हता.

धंदा म्हणून पहिली सहल निघाली ती १८४५ मध्ये, लिव्हरपूलला. कुक आधी स्वत: त्या मार्गाने जाऊन आले, हॉटेले पाहिली आणि प्रवाशांसाठी माहितीपुस्तिका छापली. आजही चांगला टूर मॅनेजर हेच करतो. पण पुढच्याच वर्षीची स्कॉटलंडची सहल चांगलीच फसली. जहाजावर सर्वाना केबिन पुरल्या नाहीत. त्या काळच्या गाडय़ांत शौचालय नसे. आता शेकडो माणसे, लांबचा पल्ला आणि मधले थांबे ठरल्याप्रमाणे नाहीत, असा प्रसंग डोळय़ांपुढे आणा. ग्रुप टूरबद्दलच्या आजच्या बहुतेक तक्रारींचे मूळ तिथे सापडेल.

कुक यांनी हे क्षेत्र सोडले मात्र नाही. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनाला त्यांनी दीड लाखाहून अधिक माणसे नेली. त्यातल्या अनेकांनी त्याआधी राजधानी पाहिलीच नव्हती. त्यासाठी काही जण आठवडय़ाला थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होते. म्हणजे हप्त्यावरची सहलही काही नवी नाही.

त्याआधी परदेशी कोण जात असे?

ज्याच्याकडे वेळ, पैसा आणि नोकर आहेत तो. इंग्रज उमरावांची मुले शिक्षण पुरे झाल्यावर फ्रान्स, इटलीची लांबलचक वारी करत. सोबत एक शिक्षक आणि भाषा येणारा, घोडागाडय़ा व खोल्या ठरवणारा पगारी वाटाडय़ा असे. मरे आणि बेडेकर यांची मार्गदर्शक पुस्तके १८३०च्या दशकात आली होती, पण पुस्तक हातात असले तरी प्रत्येक सीमेवर वेगळे नाणे, वेगळी जकात आणि वेगळी भाषा यांना तोंड द्यावे लागेच. ज्याला आपण आज स्वतंत्र प्रवास म्हणतो, तो तेव्हा श्रीमंतांचा प्रवास होता.

कुक यांनी १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनाचे निमित्त साधून बेल्जियम, जर्मनीतील ऱ्हाइन नदीचा काठ आणि फ्रान्स अशी पहिली युरोप सहल काढली. तीत त्यांना तोटा झाला. नंतर स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्यांना सवलतीची तिकिटे देणे बंद केले, कारण सहलींचा धंदा आता त्यांना स्वत:लाच करायचा होता. घरचा बाजार असा हातचा गेला, तेव्हा कुक १८६३ मध्ये स्वित्झर्लंडकडे वळले.

त्या पहिल्या स्विस सहलीत यॉर्कशरच्या जमायमा मॉरेल या अविवाहित तरुणी होत्या. त्यांनी लिहिलेली रोजनिशी पुढे अनेक दशकांनी सापडली आणि छापली गेली, त्यामुळे ती सहल कशी होती हे आपल्याला कळते. भल्या पहाटे उठणे, खेचरांवरून चढ, लांब घोळदार झगे सावरत हिमनदी ओलांडणे, गेमी खिंडीतील पायपीट, रिगी पर्वतावरचा सूर्योदय. तीन आठवडय़ांच्या या प्रवासाचा खर्च साधारण २० पौंड आला. आजच्या भाषेत तिला आरामदायी पॅकेज म्हणता येणार नाही. पण घरातला पुरुष सोबत नसताना बायकांनी परदेशात हिंडणे त्या काळी सहज मान्य होणारे नव्हते. ग्रुप होता म्हणून त्या जाऊ शकल्या. ग्रुपला नाके मुरडणाऱ्या टीकाकारांच्या लक्षात ही गोष्ट सहसा येत नसे.

मग टीका कशाची होती?

इटलीत कुक यांचे प्रवासी पोहोचले आणि तिथे आधीपासून राहणाऱ्या उच्चभ्रू इंग्रजांचे पित्त खवळले. त्यात आघाडीवर होते चार्ल्स लेव्हर हे आयरिश कादंबरीकार. ते इटलीतच ब्रिटनचे उपवकील म्हणून नेमलेले होते. १८६५ मध्ये टोपणनावाने लिहिताना त्यांनी अशी थाप मारली की, ऑस्ट्रेलिया आता कैदी घेत नाही म्हणून ब्रिटिश सरकार आपले गुन्हेगार सहलीच्या नावाखाली इटलीच्या शहरांत आणून सोडत आहे. गट आणतो चाळीस जणांचा, परत जातात त्याहून कमी, असा त्यांचा रोख होता. कुक यांनी थेट परराष्ट्रमंत्र्यांकडे तक्रार केली, पण हाती फार काही लागले नाही.

या टीकेतला वर्गीय माज सोडून दिला तरी एक मुद्दा उरतो. कळपाने फिरणारा माणूस देश पाहतो की फक्त दाखवलेल्या गोष्टी पाहतो? कुक यांचे उत्तर साधे होते. निसर्ग, चित्रे, चर्च ही काही मूठभरांची मिरास नाही, आणि जो दुकानदार वा शाळामास्तर आयुष्यात एकदाच निघणार आहे त्याला निवडीचा उपदेश करण्यात अर्थ नाही. मला हे उत्तर अर्धे पटते. पुढे नाईल नदीवरच्या त्यांच्या बोटींत इंग्रजी जेवण, इंग्रजी शिष्टाचार आणि इंग्रजी सोबत मिळू लागली, आणि काठावरचा इजिप्त पाहण्याच्या वस्तूपुरता उरला. आपल्याकडे महाराज आणि पोह्यांची पिशवी घेऊन युरोपला जाणाऱ्या सहलींना हसण्याआधी हे लक्षात ठेवलेले बरे.

स्वतंत्र प्रवाशाला कुक यांनी काय दिले?

इथे त्यांच्या आयुष्यातला सर्वात कमी चर्चेचा भाग येतो. प्रत्येकाला टूर लीडर नको असतो, हे कुक यांना लवकर कळले होते. त्यांच्या लेखी माणूस अडतो तो चार ठिकाणी : तिकीट, मुक्काम, पैसा आणि गाडीची वेळ. या चारही गोष्टी त्यांनी सुटय़ा करून विकायला काढल्या.

वेगवेगळय़ा रेल्वे आणि बोट कंपन्यांची तिकिटे एकत्र बांधून त्यांनी वर्तुळाकार प्रवासाची सोय केली. प्रवाशाने हवे तिथे उतरावे, हवे तेवढे राहावे, त्याच चोपडीतले पुढचे तिकीट वापरावे. १८६८ च्या सुमारास हॉटेल कूपन आले. ठरलेल्या दराचे कूपन आधीच विकत घ्यायचे आणि यादीतल्या हॉटेलात पैशांऐवजी ते द्यायचे. परकी भाषा येत नाही म्हणून खोलीला दुप्पट भाडे मोजण्याची वेळ टळली. १८७३ मध्ये युरोपभरच्या गाडय़ांचे वेळापत्रक एका पुस्तकात छापून निघाले. १८७४ मध्ये अशा हुंडय़ा आल्या, ज्या परदेशातल्या ठरलेल्या बँका आणि हॉटेलांत वटवता येत. पुढच्या ट्रॅव्हलर्स चेकची ही पूर्वज.

म्हणजे कुक यांच्या खिडकीवर एकाच वेळी दोन रांगा होत्या. पहिल्यांदा निघालेला, भाषेला बिचकणारा, एकटी बाई, वय झालेले जोडपे यांच्यासाठी माणूस सोबत. दुसऱ्या रांगेतल्याला फक्त कागद, बाकी त्याचा तो मोकळा. एकदा ग्रुपबरोबर जाऊन आलेला प्रवासी पुढच्या वेळी दुसऱ्या रांगेत उभा राहायचा, आणि तरीही पैसे कुक यांनाच द्यायचा. आज विमान, हॉटेल, फॉरेक्स कार्ड आणि रेल्वे पास वेगवेगळय़ा अ‍ॅपवर घेऊन स्वत:ला स्वतंत्र म्हणवणारे आपण याच दुसऱ्या रांगेत आहोत.

मुंबईशी त्यांचा संबंध कसा आला?

१८६९ मध्ये, साठी गाठल्यावर, कुक यांनी बाप्टिस्ट म्हणून मनात जपलेली इच्छा पुरी केली. इजिप्त आणि पॅलेस्टाइनची पहिली सहल घेऊन ते स्वत: गेले. त्याच वर्षी सुएझ कालवा खुला झाला आणि त्या सोहळय़ालाही ते प्रवाशांसह हजर होते. कालव्यामुळे जगाचा फेरा सोपा झाला. सप्टेंबर १८७२ मध्ये मोजकी मंडळी घेऊन कुक लिव्हरपूलहून निघाले. अमेरिका आडवी ओलांडून जपान, चीन, सिंगापूर, श्रीलंका आणि मग भारत. इथे रेल्वेने उत्तरेतली शहरे पाहत ते मुंबईला आले आणि बोटीने इजिप्तकडे गेले. सगळा प्रवास २२२ दिवसांचा झाला. योगायोग असा की ज्यूल व्हर्न यांची ८० दिवसांत जगप्रदक्षिणा घालणाऱ्या नायकाची कादंबरी फ्रान्समध्ये क्रमश: छापली जात होती, तेव्हा कुक वाटेत होते.

मुंबईत कंपनीचे कार्यालय १८८१ मध्ये उघडले. १८८६ मध्ये भारत सरकारने मुंबईहून जेद्दाला जाणाऱ्या हज यात्रेकरूंच्या वाहतुकीची व्यवस्था कंपनीकडे सोपवली. यात्रेकरूंची दलालांकडून होणारी लूट आणि जहाजांवरची अमानुष गर्दी थांबावी, हा हेतू होता. काही वर्षांतच हे काम तोटय़ात गेले आणि व्यवस्था बंद झाली. स्विस हॉटेलवाल्याशी दर ठरवणे वेगळे आणि आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून आलेल्या गरीब यात्रेकरूला परवडेल असे तिकीट देणे वेगळे. माणूस सोबत देण्याची किंमत कुणीतरी मोजावीच लागते, हे इथे उघडे पडले.

बापलेकांत बिनसले ते कशावरून?

मुलगा जॉन मेसन कुक १८६०च्या दशकात पूर्णवेळ धंद्यात आला. हिशेबाला पक्का आणि स्वभावाने कडक. सहल, धर्मकार्य आणि दारूबंदी यांची वडिलांनी केलेली सरमिसळ त्याला मान्य नव्हती. पैसेवाला प्रवासी, सरकारी कंत्राटे, नाईलवरच्या बोटी यांकडे त्याचा ओढा होता. १८७०च्या दशकाच्या अखेरीस वाद टोकाला गेला आणि थॉमस यांना स्वत:च्या कंपनीतून निवृत्त व्हावे लागले. धंदा वाढला तो जॉनमुळे, यात शंका नाही. जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी निघालेले ब्रिटिश सैन्य १८८४ मध्ये नाईलवरून नेले ते याच कंपनीने. एका शिलिंगाच्या सहलीपासून ही मजल फार लांबची होती.

थॉमस लेस्टरच्या घरी राहिले. १८८० मध्ये त्यांची मुलगी अ‍ॅनी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडली. पाणी तापवण्याच्या नव्या गॅस उपकरणाच्या धुराने तिचा बळी घेतला होता. चार वर्षांनी पत्नी गेल्या. शेवटच्या काळात कुक यांची दृष्टी गेली. १८ जुलै १८९२ रोजी त्यांचे निधन झाले.

कंपनीचे पुढे काय झाले?

जॉन १८९९ मध्ये गेले. आदल्या वर्षी जर्मन सम्राटाच्या पॅलेस्टाइन दौऱ्याची व्यवस्था पाहताना जडलेल्या आजारातून ते उठलेच नाहीत. नातवांनी १९२८ मध्ये कंपनी विकली. नंतर ती सरकारी झाली, पुन्हा खासगी झाली आणि २३ सप्टेंबर २०१९ रोजी कर्जाच्या ओझ्याखाली बंद पडली. भारतातली त्याच नावाची कंपनी २०१२ पासूनच वेगळय़ा मालकीची असल्याने तिला याची झळ बसली नाही. त्या दिवशी ब्रिटनचे सुमारे दीड लाख पर्यटक परदेशात होते. त्यांना परत आणण्यासाठी ब्रिटिश सरकारने विमाने भाडय़ाने घेतली आणि ज्यांच्या बुकिंगला विमा संरक्षण नव्हते त्यांनाही त्यांतूनच घरी आणले.