आगबोटीवर मांडलेलं गणित : सुब्रह्मण्यन चंद्रशेखर

कृष्णविवर हा शब्द तुम्ही नक्कीच ऐकला आहे. जिथून प्रकाशसुद्धा बाहेर पडू शकत नाही अशी आकाशातली जागा, एवढं तर तुम्ही लगेच सांगाल. पण मोठा तारा विझला की तो आकुंचन पावत पावत असा नाहीसा होऊ शकतो, याची पहिली चाहूल गणितातून कोणाला लागली, हे माहीत आहे का? चला, ही गोष्ट आपल्या मुंबई बंदरापासून सुरू करू.

३१ जुलै १९३० चा दिवस. भर पावसाळा. 'पिल्स्ना' नावाची आगबोट मुंबईहून व्हेनिसकडे निघाली. तिच्यावर १९ वर्षांचा एक सडपातळ मुलगा होता, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. जन्म १९ ऑक्टोबर १९१० चा, लाहोरचा, कारण वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते. घराणे मात्र तमिळ. शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात झालेले. सर सी. व्ही. रामन हे त्याचे सख्खे काका. आई सीतालक्ष्मी यांनी इब्सेनचे नाटक तमिळमध्ये आणले होते. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि केंब्रिजला जायचे ठरले, पण तेव्हा आई खूप आजारी होती. पाय निघेना. तिनेच हट्टाने त्याला पाठवले. पुढच्याच वर्षी, मे १९३१ मध्ये, ती गेली. मुलाची आणि तिची भेट पुन्हा झाली नाही.

आता बोटीवर काय घडलं ते बघा. इथे थोडं विज्ञान लागेल, घाबरू नका.

तारा म्हणजे एक रस्सीखेच असते. गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते आणि आतली उष्णता बाहेर ढकलते. इंधन संपले की बाहेर ढकलणारा गडी थकतो आणि तारा आकसत जातो. व्याधाच्या ताऱ्याला एक अंधुक जोडीदार आहे. त्याचे वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढे, पण आकार पृथ्वीएवढा! अशा ताऱ्यांना श्वेत बटू म्हणतात. मग इंधन नसताना हे बटू आणखी का दबत नाहीत? केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांनी १९२६ मध्ये याचे उत्तर दिले होते. इलेक्ट्रॉन हे फार शिस्तीचे प्रवासी आहेत. एका जागेवर एकच, मांडीवर कोणी बसणार नाही. डबा भरत गेला की उरलेल्यांना जास्त वेगाच्या जागा घ्याव्या लागतात आणि त्या धावपळीतून जो दाब तयार होतो, तो ताऱ्याला सावरून धरतो. म्हणजे प्रत्येक ताऱ्याचा शेवट शांत, श्वेत बटू होऊन. सगळे समाधानी होते.

चंद्रशेखरने बोटीवरच्या रिकाम्या वेळात हेच गणित पुन्हा काढले, पण त्यात एक प्रश्न घातला. इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने धावत असतील तर आइनस्टाइनचा सापेक्षता सिद्धांत लावायला नको का? प्रकाशाचा वेग, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, कोणालाच ओलांडता येत नाही. सिद्धांत लावला आणि उत्तर विचित्र आले. तारा जितका जड, तितके इलेक्ट्रॉन त्या मर्यादेच्या जवळ. आणि तिथे त्यांचा दाब कमी पडू लागतो. एका ठरावीक वस्तुमानापुढे तो ताऱ्याला सावरूच शकत नाही. आज आपण ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतो. तिलाच चंद्रशेखर मर्यादा म्हणतात. (एडमंड स्टोनर या इंग्रज शास्त्रज्ञालाही त्याच सुमारास अशी मर्यादा सापडली होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे.) मग त्याहून जड ताऱ्याचे काय होणार? तो कुठे थांबणार?

हा प्रश्न घेऊन त्याने चार-पाच वर्षे काढली. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्याने पूर्ण काम मांडले. वय २४. त्याच्या पाठोपाठ बोलायला उभे राहिले सर आर्थर एडिंग्टन. १९१९ च्या सूर्यग्रहणात आइनस्टाइनला खरे ठरवणारे, त्या काळचे सर्वांत मोठे खगोलशास्त्रज्ञ. गंमत म्हणजे, ते अनेकदा चंद्रशेखरच्या खोलीवर येत, काम कुठवर आलंय ते विचारत. पण सभेत आपण काय बोलणार आहोत याचा त्यांनी सुगावा लागू दिला नव्हता. या गणिताप्रमाणे तारा इतका आकसेल की प्रकाशही त्यातून निसटणार नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले आणि असला वेडेपणा निसर्ग होऊच देणार नाही, असे म्हणून सगळे उडवून लावले. सभागृहात हशा पिकला.

नीट लक्ष द्या. कृष्णविवराचे वर्णन एडिंग्टन यांनीच केले होते, फक्त ते खरे असेल हे त्यांना मान्य नव्हते! माझ्या मते चूक होण्यापेक्षा हे जास्त वाईट. नील्स बोर यांच्या गटातल्या शास्त्रज्ञांना आणि पाउली यांना चंद्रशेखर बरोबर आहे हे कळत होते, पण एडिंग्टनविरुद्ध उघड बोलायला कोणी पुढे आले नाही.

चंद्रशेखर यांनी भांडण केले नाही. १९३६ मध्ये ललिता दोरायस्वामी यांच्याशी लग्न केले, १९३७ पासून शिकागो विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत काम सुरू केले. तिथेही त्यांच्या रंगाला हरकत घेणारे निघाले, पण विद्यापीठाचे अध्यक्ष हचिन्स त्यांच्या मागे उभे राहिले. १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवर एक ग्रंथ लिहिला आणि तो विषय मिटवून टाकला. नंतर नवा विषय, पुन्हा ग्रंथ, पुन्हा नवा विषय. १९५२ ते १९७१ ते ॲस्ट्रोफिजिकल जर्नलचे संपादक होते. आणि एडिंग्टन? १९४४ मध्ये ते वारले, तेव्हा चंद्रशेखर यांनी श्रद्धांजलीच्या भाषणात त्यांना त्या काळातल्या थोर खगोलशास्त्रज्ञांत कार्ल श्वार्ट्‌झशिल्ड यांच्या खालोखाल स्थान दिले. दोघांची मैत्री तुटली नव्हतीच.

दरम्यान आकाशच उत्तर देऊ लागले. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पल्सार सापडला, म्हणजे श्वेत बटूपेक्षाही दाट न्यूट्रॉन तारा. पुढे हंस तारकासमूहातल्या क्ष-किरणांच्या उगमापाशी एक अदृश्य, जड वस्तू असल्याचे दिसले. ती कृष्णविवर ठरली. मग साठी ओलांडलेले चंद्रशेखर आपल्या जुन्या प्रश्नाकडे परत वळले. हृदय कुरबुरत असतानाही त्यांनी कृष्णविवरांच्या गणितावर शेकडो पानांचा ग्रंथ लिहिला. तो १९८३ मध्ये आला. त्यांना भुरळ पडली होती ती साधेपणाची. तारा किती गुंतागुंतीचा असतो बघा! पण तो कृष्णविवर झाला की वस्तुमान आणि फिरकी एवढ्या दोन गोष्टी सांगितल्या की त्याचे पूर्ण वर्णन झाले. (विद्युतभार ही तिसरी गोष्ट, पण आकाशात ती जवळजवळ शून्यच असते.) विश्वातल्या सर्वांत भयंकर वस्तू सर्वांत सोप्याही निघाल्या.

त्याच वर्षी त्यांना विल्यम फाउलर यांच्यासोबत नोबेल मिळाले. बातमी आली १९ ऑक्टोबरला, त्यांच्या ७३ व्या वाढदिवशी. पण मानपत्रात त्यांच्या तरुणपणीच्या कामावरच भर दिला गेला, याचे त्यांना वाईट वाटले. मधल्या पन्नास वर्षांत आपण काही केलेच नाही का, असे कोणालाही वाटेल ना?

२१ ऑगस्ट १९९५ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. पुण्याला आयुकात गेलात तर तिथल्या मुख्य सभागृहावर त्यांचे नाव दिसेल. आणि २३ जुलै १९९९ रोजी नासाने क्ष-किरण पाहणारी एक दुर्बीण अवकाशात पाठवली, तिचे नाव 'चंद्रा'. कृष्णविवरात पडणारा वायू शेवटच्या क्षणी तापून जे क्ष-किरण सोडतो, ते टिपण्याचे काम ती गेली अनेक वर्षे करते आहे.